दहा नंबरचा दात

होल्योक गावात एके काळी
साऱ्या अमेरिकेच्या पत्रांना पुरेल इतका कागद व्हायचा.
आता कालव्याकाठी विटांच्या गिरण्या नुसत्या उभ्या,
खिडक्यांना फळ्या मारलेल्या,
आणि हाय स्ट्रीटवर, दुसऱ्या मजल्यावर,
माझी खुर्ची, माझा दिवा.

एनेइदा काराबायो, वय एकाहत्तर.
पोर्तो रिको, उतुआदोच्या डोंगरातली.
इथे आली ती नदीकाठच्या मळ्यांत तंबाखूची पानं खुडायला.
हे सगळं तिने आ करायच्या आधीच सांगून टाकलं,
नंतर सांगता येत नाही म्हणून.

दहा नंबर हलत होता. मुळाशी पू.
आरसा आत घातला आणि हात थबकला:
दाताची मागची बाजू खोलगट, दोन्ही कडा उचललेल्या,
एवढंसं फावडं.
"दिसलं ना?" ती म्हणाली. "आजीचेही असेच होते.
शाळेत बाई शिकवायच्या, ताईनो संपले,
चारशे वर्षं झाली, एकही उरला नाही.
मी पाठ करायची
आणि जिभेने दात चाचपत बसायची."

मी खरं ते सांगितलं:
असे दात अर्ध्या आशियाला असतात,
दातावरून काही सिद्ध होत नाही.
"सिद्ध त्यांनी करावं," ती म्हणाली,
"ज्यांनी आम्हाला कागदावर मारलं."

कागदोपत्री, मला ऐकू आलं.
आमच्या तहसिलीतही होता एक असा,
पेन्शनच्या यादीत मयत, दर सोमवारी हजर.

जनगणनेच्या वेळी तिने दारातल्या पोरापुढे
दाताच्या कण्या केल्या म्हणे:
त्या चौकटीत नको रे, खालच्या ओळीत लिही,
स्पेलिंग मी सांगते.
नात शनिवारी चर्चच्या तळघरात भाषा शिकते.
थोडे शब्द सापडलेले,
थोडे दूरच्या नदीवरच्या भावकीकडून उसने.
भांडणंही होतात. एक जण गाणं म्हणतो,
दुसरा ओरडतो, हे तर तू काल रचलंस!
"रचलं तर रचलं," एनेइदा म्हणते.
"जुनी गाणीसुद्धा कुणीतरी आदल्या दिवशीच रचलेली."

सुई टोचली. बधिर व्हायला दहा मिनिटं.
मागच्या खोलीतून माझ्या डब्याचा वास आला,
मोहरीचा, हिंगाचा.
काय आणलंयस?
बटाटा, मी म्हटलं. बटाट्याची भाजी.
ती खुर्चीत उठूनच बसली.
"बताता?" अर्धा ओठ मेलेला, तरी शब्द नीट आला.
"तो आमचा आहे."

रताळ्याला म्हणायचे ते तसं.
पोर्तुगीज गलबतांच्या वाटेवर कुठेतरी कंद बदलला,
नाव तेच उतरलं आमच्या किनाऱ्यावर.
मग मी आठवत गेले, ती बोटांवर मोजत गेली:
मका.
माझ्या आत्याच्या चंचीतला तंबाखू.
पपईचं काही नक्की नाही, तिने अर्धं बोट दुमडलं.
आणि लाळ गळणाऱ्या तोंडाने हसत म्हणाली,
"डॉक्टर, तू कुठली चौकट भरतेस?"

दात सहज आला. म्हाताऱ्या माणसाचे येतात तसा,
थोडी कुरकुर, मग एकदम.
तिला तो हवा होता.
स्वयंपाकघराच्या खिडकीत युकाची कुंडी आहे,
तिच्या मातीत घालायचा.
मी पाकीट पुढे केलं, पांढरं, कागदाचं.
तिने मान हलवली
आणि तळहात उघडला.

तक्त्यात मी दहावर फुली मारली: नाही.
जिना उतरताना तिने कठडा धरला
तो डाव्या हाताने.
उजवी मूठ मिटलेली.