संमतीपत्र

बेलापूरला, सहाव्या मजल्यावर
आमचा मानव्यविद्या विभाग:
दोन कपाटं, एक बंद पडलेला स्कॅनर
आणि मी, तासिका तत्त्वावर.
खिडकीतून खाडी दिसते, भरतीला.
ओहोटीला दिसतं त्याला काय म्हणतात
मला माहीत नव्हतं. मी मिरजेची.
चिखल म्हणायचे.

निमिषा मढवीकडे अकरा शब्द होते.

पाय घातला तर निघेल असा चिखल,
पाय घातला तर चप्पल विसरायची असा,
निवटी उड्या मारतात तो,
जुन्या मिठागराच्या बांधाशी साका धरलेला, पांढुरका,
उधाणानंतरचा, भांगातला,
आणि एक असा, की त्यावर पाखरंसुद्धा बसत नाहीत.
मी विचारलं, याला सैद्धांतिक चौकट कुठली घेणार?
ती म्हणाली, चौकट? खाडीला?
आणि मग माझी कीव येऊन
वहीत लिहून घेतलं: चौकट, सोमवारपर्यंत.

नैतिकता समितीचा अर्ज तीन पानी.
दिवाळ्याच्या जेट्टीवर पोसाबाय उलट्या क्रेटवर बसून
कोलंबी सोलत होती, हात थांबले नाहीत.
निमिषानं एकेक कलम वाचून दाखवलं.
सहभागी व्यक्तीस होणारा संभाव्य तोटा: नाही.
पोसाबाय म्हणाली,
"आदीपन एक कागुद आनलावता.
त्यान पन तोटा नाय, असाच लिवलावता."
मग ओला अंगठा लुगड्याला पुसला
आणि उठवला.
समितीनं अर्ज परत पाठवला,
ठशाला मासळीचा वास येतो म्हणून नव्हे,
दिनांक राहिला होता.

जमा करायच्या आदल्या रात्री
संगणकानं पोसाबायच्या प्रत्येक शब्दाखाली
लाल नागमोडी रेघ ओढली.
अकरा शब्द, शंभर पानं, सगळीकडे रेघा,
मोजणीवाले येऊन गेल्यासारख्या.
मी म्हटलं, दुर्लक्ष कर, असं बटण असतं.
निमिषा म्हणाली, माहितीये.
मग साम्य तपासणीचा अहवाल आला.
बारा टक्के. नियमात.
मी पाठ थोपटली, कँटीनमधून दोन चहा मागवले.
ती पडद्याकडे बघत होती.
"अर्धा टक्का कुठं गेला, मॅडम?"

मला घरी जाताना कळलं.
पाम बीचच्या सिग्नलला, खांबावर,
साडेबारा टक्क्यांचे भूखंड
घेणे-देणे, त्वरित संपर्क.
रिक्षा निघाली तरी मी मागे वळून वाचत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर
चांगले होते, घाईत होते.
विचारलं, माहिती देणारी व्यक्ती एकच कशी?
निमिषानं उत्तर दिलं नाही, ध्वनिफीत लावली.
पोसाबायचा आवाज, मधेमधे खवल्यांचा,
मागे कुठंतरी खांब ठोकायचं यंत्र,
दर चार शब्दांनी धप्.
सर म्हणाले, पार्श्वभूमीचा आवाज
काढून टाकता आला असता.
बी प्लस मिळाला.

एप्रिलात माझा करार संपतो.
प्रबंध डाव्या कपाटात आहे, किल्ली कार्यालयात,
कार्यालय दुपारी जेवायला जातं.
मी ओहोटीच्या वेळी खिडकीशी उभी राहते,
परीक्षेला बसल्यासारखी.
चार ओळखू येतात. पाचवा
परवा मोठ्यानं म्हटला, बोट दाखवून.
मागे पद्माकर चहा घेऊन आला होता.
नऊ वर्षं या मजल्यावर शिपाई,
सारसोळ्याचा, हे मला त्या क्षणी कळलं.
"तो नाय, मॅडम," तो म्हणाला.
पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला,
खाली नीट बघितलं
आणि एक शब्द सांगितला
जो अकरांत नव्हता.

मी पेन शोधेपर्यंत
तो ट्रे घेऊन
इतिहास विभागाकडे गेला होता.