मोजमाप

पेठच्या रस्त्यावरून आत, डांबर संपतं तिथून
दीड कोस पायी.
टेप, पांढऱ्या रंगाचा डबा,
आणि कार्यालयाचा छापील तक्ता, रकाने अठरा.

रकाना एक. पुलाचे नाव.
नाव नाही. गावात नुसतं 'दगडी' म्हणतात,
म्हातारे 'लमाणमोरी'.
मी लिहिलं, निरंक.

रुंदी पाच फूट, वर काही इंच.
म्हणजे एक बैल, दोन्ही अंगांना एकेक गोण,
आणि हाकणाऱ्यानं मागं राहायचं.
कमान एक. चुना जागच्या जागी.
चावीच्या दगडावर ना साल, ना कुणाचं नाव,
टाकीचे तिरपे घाव तेवढे,
सगळे एकाच हाताचे, बहुधा डावऱ्या.

कठडे गुडघ्याएवढे.
याला तक्त्याचा ठरलेला शब्द आहे, 'अपुरे'.
पेन टेकवलं, तेवढ्यात पलीकडून
देवचंद भोये आला फटफटीवर,
मागं आडवी फळी, फळीच्या दोन्ही टोकांना टमाट्याचे क्रेट,
पाय जमिनीला घासत, तोल धरत.
क्रेट दोन्हीकडच्या कठड्यांवरून गेले
चार बोटं राखून,
जसं काही कुणी त्यांचंच माप घेऊन ठेवलं होतं.
त्यानं काही पाहिलं नाही यातलं.
म्हणाला, 'साहेब, टेप उचला.'

मग शेळ्या. सात.
पुलाच्या मध्यावर थांबल्या
आणि एकच दगड चाटू लागल्या, आळीपाळीनं.
'रोजचंच हाय,' मागची पोर म्हणाली, 'मीठ हाय त्यात.'

कोकणातलं मीठ घाट चढून वर यायचं, हे खरं.
इथं गोणी टेकवत असतील, बैलांना दम देत असतील.
पण किती पावसाळे झाले त्याला!
इथला पाऊस डांबर खातो,
खालच्या नव्या फरशीचं सिमेंट दोनदा खाल्लंय त्यानं,
तो मीठ ठेवेल?
मी तिला मिलिमीटरमध्ये सांगितलं.
तिनं ऐकून घेतलं.
'मंग चाटत्यात कशाला?'

रकाना चौदा. भारक्षमता.
पोर गेली. शेळ्या गेल्या.
फटफटीचा आवाज टेकाडापलीकडं विरला.
मी दोन्ही बाजूंना पाहिलं
आणि गुडघे टेकले.
दगड तिथं बशीसारखा खोलगट, गुळगुळीत.
जीभ लावली.
गार. शेवाळ. शेळीची लाळ.
आणि अगदी शेवटी
काहीतरी,
जे माझ्या मिशीवरच्या घामाचंही असू शकेल.

क्रमांक दर्शनी दगडावर टाकायचा असतो.
तो दगड सोडून, कडेच्या एका धोंड्यावर टाकला.
कठड्यांपुढं लिहिलं, पुरेसे.
वरून विचारणा होईल तेव्हा बघू.
रकाना चौदा तसाच राहिला.

परतीच्या दीड कोसात
तहान फार लागली.