पस्तीस बाय पंचेचाळीस

ताळगाव पठारावर, विद्यापीठाच्या फाटकासमोर
माझं दुकान: एक झेरॉक्स मशीन, दीड खुर्ची,
आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली पांढरी चादर.

व्हिसाचा फोटो इथे काढून मिळतो.
पस्तीस बाय पंचेचाळीस. कान दिसायला हवेत.
चष्मा काढ. केस मागे घे, बाय.
हसू नको.

उर्वी माजीक हसलीच. तीनदा.
मये गावची, भूगर्भशास्त्राची, विमान फक्त खालून पाहिलेली.
चौथ्या वेळी म्हटलं, निकालाचा दिवस आठव.
मग चेहरा जमला.

लोकांचे कागद वाचायचे नसतात, कळतं मला.
पण मशीन तापायला वेळ घेतं,
तोवर डोळ्यांनी करायचं काय?
म्हणून माहीत आहे: चौदा लाख सत्तर हजार.
ही रक्कम आधी रोहिदास गावसच्या बापाच्या पासबुकात,
चवथीनंतर उर्वीच्या आईच्या,
आणि मार्चमध्ये आणखी एका मुलाच्या,
त्याचं नाव आता आठवत नाही.
तीच रक्कम. वरचे सत्तरसुद्धा तेच.
खाणी बंद पडल्यावर कुणी ट्रक विकले असतील, त्याचे पैसे.
महिनाभर एका खात्यात बसायचं,
दूतावासाला तोंड दाखवायचं,
मग शेजारच्या घरी.
तिघांना समुद्रापार धाडलं त्यांनी,
स्वतः डिचोलीबाहेर पडले नाहीत.

सेलेस्तीला यातलं काही लागलं नाही.
आजोबांच्या जन्माचा दाखला, पोर्तुगीज हस्ताक्षरातला,
कडा झुरळांनी खाल्लेल्या.
तापलेल्या मुलाला निजवावं तसा काचेवर ठेवला.
म्हातारा जन्मभर पाव भाजत राहिला
आणि नात त्याच्या जन्मतारखेवर लिस्बनला गेली.

रोहिदासचा पहिल्या हिवाळ्यात आवाज आला, व्हॉट्सॲपवर:
‘काका, इथे चारलाच अंधार.
रात्री गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतो.
दाताने तोडतो, तुमच्यासारखी. मुकादम बघत राहतो.’
अभ्यासाचं विचारलं, तर म्हणाला, चाललंय.
पुढे नऊ सेकंद नुसता पट्टीचा आवाज,
चर्र, आणि तोडल्याचा.

उर्वी आली ती अडीच वर्षांनी, डिसेंबरात.
दुपारी दोनला, हातावर जाड कोट घेऊन,
जणू तो कुठे ठेवायचा हेच तिला सुचत नव्हतं.
‘पोलंडात उगाच हसलं की लोक वळून बघतात, काका.
आधी त्रास व्हायचा. मग सवय झाली.
काल आई म्हणाली, रागावलीयस का?
तो फोटो आहे? बाद झालेला?’

बाद फोटो मी टाकत नाही. का, ते विचारू नका.
पण खणात दोन पावसाळ्यांची ओल बसली होती.
सगळ्यांची मिळून एकच वडी झालेली.
नखाने, मग पट्टीने, मग ब्लेडने सोडवत गेलो.
उर्वी निघाली, पण अर्धीच.
ओठ मागे राहिले,
वरच्या फोटोच्या पाठीला चिकटून, उलटे.

तिने ती पाठ ट्यूबलाइटखाली धरली.
बराच वेळ.
मग फोटो फिरवला: रोहिदास, डोळे मिटलेला.
‘हाच द्या,’ म्हणाली.
वीस रुपये काढले. नको म्हटलं, तर गल्ल्यावर ठेवले.

इतक्यात दारात एक पोरगा, फाईल छातीशी धरून:
‘काका, जर्मनीचा फोटो.’
चादरीचा डावा कोपरा खिळ्यातून सुटला होता.
कुणी न सांगता उर्वीने तो वर धरला,
कोट काखेत, टाचा उंचावून.
मी बटण दाबलं.

कोपऱ्यात तिची दोन बोटं आली.
तो फोटोही बाद.