सात नंबर

होमगार्डच्या कोठारातल्या एकवीस रायफली
नायब तहसीलदारांच्या जीपमधून आल्या,
धानाच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून.
कोणत्या ठेवायच्या, कोणत्या वितळवायच्या,
संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले,
फाइल नागपूरला जायची आहे.

मी बोल्ट काढतो.
मागच्या पोकळीत अंगठ्याचं नख धरतो,
नखावरून ऊन वाकून आत जातं.
दुसऱ्या टोकाला डोळा.
दोन फूट एक इंच अंधार, आणि त्याच्या भिंतीवरून
पाच आटे डावीकडे वळत निघालेले,
अडीच वेढे घेऊन माझ्या बुबुळापाशी पोचलेले.

नवखा माणूस लकाकीला भुलतो.
मीही भुललो होतो, तेव्हा रऊफ मिस्त्री म्हणाले होते,
तवा गुळगुळीत झाला की चमकतोच, बेटा,
तू कड बघ. कड आहे का?

अकरा नंबर आतून देवी आलेल्या चेहऱ्यासारखी.
जुन्या काडतुसांच्या टोपीतलं मीठ खाल्लेली,
गोळीबारानंतर कुणी गरम पाणी ओतलं नाही.
पण कड आहे.
सात नंबर आरशासारखी.
दस्त्यावर तेलाचा हात, पट्ट्याच्या पितळेत माझं नाक दिसतं.
हिच्यासोबत डोमाजी कन्नाके आलाय,
सत्तावीस वर्षं पहाऱ्यावर, न बोलावता.

काडतूस उलटं धरायचं,
गोळीचं टोक नळीच्या तोंडात सोडायचं,
अडेल तिथं थांबायचं.
अकरानं पाव इंच बाहेर ठेवली.
सातनं पितळेपर्यंत गिळली.
डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे.

दुपारी बोडीच्या पाळीला कोंड्याची पोती लावली,
त्यांवर जुनी मतदार यादी, कोरी बाजू वर.
शंभर यार्ड मी पावलांनीच मोजतो, टेप कुणी दिलीच नाही.
पाणकोंबड्या दोनदा उडाल्या,
तिसऱ्यांदा बसूनच राहिल्या.
अकराची पहिली गोळी तेलामुळे भरकटली,
उरलेल्या चार माझ्या तळहाताखाली झाकल्या.
सातच्या वीतभर पांगल्या,
आणि त्यातली दोन भोकं आडवी, लांबट,
कुणी कूस बदलून झोपावं तशी.

कागद हातात घेऊन डोमाजी बराच वेळ उभा.
"पर साहेब, हिनं मारलंच कुठं जी?
सालाला दहा गोया. त्या बी आल्या तर."

मी हिशेब केला. दोनशे सत्तर.
एवढ्यानं नळीचा घसासुद्धा तापत नाही.
मग भिंग घेऊन तोंड पाहिलं:
गोल राहिलं नव्हतं,
डाव्या अंगाला ओघळल्यासारखं.
"दोरी कोणत्या हातानं ओढता?"
"डाव्या. उजवा खांदा वर जात नाही, सागाखाली सापडला होता."
"रोज?"
"रोज. रातपाळी असली तं दोनदा."
खिशातून दोरी काढून दाखवली,
टोळीच्या तेलानं काळी, आणि तिच्या पिळात
बोडीकाठची बारीक रेती.

मला काही सांगावं लागलं नाही.
"म्हंजे विहिरीच्या काठावानी," तो म्हणाला,
आणि खाली बसला.

रजिस्टरात कारणाचा रकाना अर्धा इंच रुंद आहे.
अति गोळीबार, गंज, निष्काळजी,
छापील शब्द तिथेच आहेत, नको तो खोडायचा.
मी तिन्ही खोडले.
लिहिलं: तोंडाशी झीज.
पुढे काही लिहिणार होतो, जागा संपली.

जीप साडेपाचला निघणार होती.
डोमाजीनं सात नंबर मांडीवर घेतली,
वजन आतून खाली सोडलं, दोरीला फडकं अडकवलं.
उद्या ही भट्टीत जाणार, हे त्यालाही ठाऊक.
मी म्हणालो, सरळ ओढा,
तोंडाला टेकू देऊ नका.

त्यानं मान डोलावली. उठून उभा राहिला,
दस्ता पायात धरला, दोन्ही हात लावले,
खांदा जिथपर्यंत गेला तिथपर्यंत.
पहिलं फडकं काळं निघालं. दुसरं राखी.
तिसरं उजेडात धरून त्यानं मला दाखवलं.