दोन टक्के

तालकाउआनोत, बंदराच्या वरच्या उतारावर
दवाखान्याची भिंत अजून नुसता सांगाडा आहे:
पत्र्याचे सोळा बारीक खांब,
एका बाजूने पोट उघडं.

एलेउतेरिओ एकाला अंगठ्याने ढकलतो.
खांब वाकत नाही, वळतो.
"बघा इंजिनीरबाई, पाठ फिरवतोय."

मला ठाऊक आहे. त्याचा तोल
त्याच्या अंगात नाहीच मुळी,
पाठीमागे बोटभर, हवेत कुठेतरी आहे.

कागदावर मी लिहिलं होतं:
मध्यावर आडवी पट्टी,
दर खांबाला कोनाचा तुकडा, दोन स्क्रू.
भाराचे दोन टक्के धरायचे.
एवढंच मागतो तो. चिल्लर.

पण सोळा जणांची चिल्लर
पट्टीतून सरकत सरकत टोकाला येते,
आणि टोकाला मी काहीच काढलं नव्हतं.
पट्टी संपत होती, बस्स.
एकमेकांचे हात घट्ट धरून
सगळे एकाच बाजूला गेले असते.

एलेउतेरिओ काही बोलला नाही.
मोकळ्या टोकाकडे बघत राहिला.
सोमवारी जिप्समचे तक्ते येतील,
मग यातलं काही दिसणार नाही.
तक्ता धरेल की, असं म्हणता आलं असतं.
पण तक्ता फुटतो,
आणि त्याची बहीण त्या भूकंपाच्या रात्रीपासून
अजून दाराशी अंथरूण घालते.

मी स्क्रूच्या खोक्यावर बसले,
पावतीच्या पाठीवर शेवटचा गाळा काढला
आणि त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
खाली काँक्रीटपर्यंत पोचणारी
एक मोठी फुली मारली,
चुकलेल्या गणितावर मारतात तशी.