हक्क

पर्वरीच्या स्टुडिओनं एकच चित्र सोडलं:
पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, वर कंदील.
झालं. म्हापशाच्या सोड्याच्या गाड्यावर
रुझारियो म्हणतो, सातवी पायरी मोडकी,
म्हणजे कप्तान भिकूच. दुसरं कोण?
लवू म्हणतो, भिकूचे हक्क कोर्टात कुजतायत,
स्टुडिओ काय बापाचा माल म्हणून घेणार?
पैज लागली. लिंबं संपली.

मी गप्प. मांडीवर कुरियरची पिशवी.
मंगळवारी हळदोण्यात त्याच स्टुडिओचं जाड पाकीट
भिकू लिहिणाऱ्याच्या बहिणीला दिलं.
चष्मा शोधत सही केली तिनं, विचारलं,
"विजेचं बिल रे?"
वारा होता, म्हणून पाकिटावर नारळ ठेवला.

रुझारियो पायऱ्या पुन्हा मोजतोय.
मोजू दे.
नारळ अजून तिथंच असेल.