बारावी गाडी

मरीमायचं देऊळ म्हणजे डीपीच्या मागचा
चार बाय चारचा ओटा, वर पत्रा.
एरवी तिथे बकऱ्या सावलीला बसतात.

गाड्या अकराच जमल्या.
दोन तामसवाडीच्या. चार भंगारवाल्याकडून
दिवसाच्या भाड्यानं.
एकीचं चाक हायवेच्या ढाब्यावर
शोभेला टांगलेलं होतं,
मालकाच्या पाया पडून सोडवलं.
बैल गल्लीत कुणाकडेच नाहीत,
पण बारागाड्यांना बैल लागत नाहीत.
भगत लागतो.

सुकलाल वर्षभर जिनिंगमध्ये गठाणी मोजतो.
पाच दिवस मात्र अंगाला हळद,
ओट्यासमोर घोंगडी,
बायकोशीसुद्धा बोलणं नाही.
तो पहिल्यांदा बोलला तो हे :
"बारा म्हंजे बारा.
अकरा वढाले मी काय बैल शे?"

पाच वाजले. डांबर अजून बोटाला चिकटत होतं.
आखाजीला आलेल्या पोरी गच्च्यांवरून वाकलेल्या,
तळहातांवर झोक्याच्या दोराचे वळ.
डफवाला वाजवून वाजवून थांबला.
कमिटीत कुणी ट्रॉली म्हणालं,
कुणी आपल्याच बापाला शिव्या दिल्या,
गाडी विकली म्हणून.

गफूर पिंजारी कोपऱ्यावर गोळे घासत होता.
देवीची गादी त्याच्या बापानं भरलेली,
तेव्हापासून बदललेली नाही.
त्यानं रंधा बाजूला ठेवला,
हात लुंगीला पुसले
आणि हातगाडी ढकलत आणली
रांगेच्या शेपटाला.
चार सायकलची चाकं, खस, गुलाब, कालाखट्टा,
भुश्यात अर्धी लादी.
"चाकं तं शेतस ना?" म्हणाला.

सगळ्यांनी सुकलालकडे पाहिलं.
सुकलालनं ओट्याकडे.
बकरी तेवढ्यात ओरडली,
कुणीतरी तोच कौल धरला.

मग साखळ्या. कमरेला आकडा.
बगल्यांनी दोन्हीकडून खांदे दिले,
एक हिसका,
आणि अकरा गाड्या करकरल्या,
बारावी खुळखुळली.
गफूर वर उभा, बाटल्या पोटाशी धरून,
लुंगी सुटतेय की काय या काळजीत.

गल्लीभर हळद उडाली.
मला पुढचं काही दिसलं नाही, मी मागे होतो.
मला दिसली रस्त्यावर ओली रेघ,
बर्फ गळत गेलेला,
आणि तिच्यावरून, तिच्यावरूनच,
एकामागे एक
अनवाणी धावणारी पोरं.

वर्गणीची वही माझ्याकडे असते.
रात्री लिहिलं :
गाडी बारावी. गफूर. भाडं घेतलं नाही.
बर्फाचे किती लावायचे
ते अजून ठरलेलं नाही.